शंभरातले बावन्न

वहिनी : चौऱ्याऐंशी. लिही. शंभरातले चौऱ्याऐंशी उगवले.

पान्या : आपल्या घरच्या सोयाबीनचे?

वहिनी : नाहीतर काय शेजाऱ्याच्या? सहा दिवस ओल्या गोणपाटात होते. सकाळी उलगडलं, दोनदा मोजले. लिही की.

पान्या : लिहितो गं, थांब. दोन ओळींत दीड फूट, दोन दाण्यांत दोन इंच... एकराला एक लाख ऐंशी हजार झाडं. शंभर दाण्यांचं वजन किती भरलं होतं?

वहिनी : बारा ग्रॅम.

पान्या : म्हणजे झाडून सगळे दाणे उगवले असते तर एकराला साडेएकवीस किलो पुरलं असतं. चौऱ्याऐंशीच उगवणार, म्हणून सव्वीस धरू. सव्वीस पंचे एकशे तीस. आणि घरात आहे...

वहिनी : साडेचार पोती, तीस-तीस किलोची. एकशे पस्तीस.

पान्या : पाच किलो उरतं.

वहिनी : बघ, बसलं की नाही? उद्या मंगळवारी पाचही एकर पेरून टाकायचं. बुधवारी सकाळी सहाच्या बसनं तू मोकळा. गुरुवारी दहाला त्या कृत्रिम पायांच्या वर्कशॉपात हजर. कळवून टाक तिथल्या बाईंना, येतोय म्हणून.

पान्या : फारच बरोबर बसलं.

वहिनी : मग बसू नये का? दोन वर्षांत एकदा तरी काही बरोबर बसू दे की.

पान्या : वहिनी, मीही शंभर दाणे भिजत घातले होते. वर्तमानपत्राच्या गुंडाळीत, माझ्या खोलीत. त्याच दिवशी, त्याच पोत्यांतले.

वहिनी : कशाला? माझ्यावर विश्वास नाही?

पान्या : तुझ्या कामाच्या धबडग्यात गोणपाट वाळून जाईल असं वाटलं, म्हणून. मघाशी उलगडले. एक्कावन्न उगवलेत.

वहिनी : तुझाच कागद वाळला असेल.

पान्या : उरलेले एकोणपन्नास बुळबुळीत झालेत, वास मारतायत. पाणी नसतं मिळालं तर कोरडे राहिले असते, कुजले नसते. तुझे कुठे आहेत? दाखव.

वहिनी : कोंबड्यांपुढे टाकले.

पान्या : कोंबड्या अजून खुराड्यात आहेत. दार मी उघडतो रोज, आज उघडलंच नाही.

वहिनी : बरं, नाही टाकले.

पान्या : किती होते गं?

वहिनी : त्रेपन्न.

पान्या : मग चौऱ्याऐंशी आले कुठून?

वहिनी : उलटं काढलं. घरात एकशे पस्तीस, एकर पाच, म्हणजे एकराला सत्तावीस. साडेएकवीसला सत्तावीसनं भागलं, तर ऐंशी टक्के उगवायला हवे असं आलं. पण नुसतं ऐंशी सांगितलं तर बनवल्यासारखं वाटतं. म्हणून वर चार घातले.

पान्या : तू भागलंस?

वहिनी : हो.

पान्या : दोन वर्षं तू मला म्हणतेस, पान्या, ते आकडे माझ्या डोक्यावरून जातात, तूच बस वही घेऊन.

वहिनी : ते नंतर बोलू.

पान्या : आणि पेरल्यावर काय झालं असतं? निम्मं रान उघडं पडलं असतं.

वहिनी : ते कळायला आठ-दहा दिवस लागले असते. तोवर तू तिकडे कामाला लागला असतास. मी फोनवर सांगितलं असतं, झकास उगवलंय.

पान्या : आणि इथं तू एकटी त्या टकल्या रानाकडे बघत बसली असतीस?

वहिनी : बघितलं असतं काहीतरी. मला काय नवीन आहे?

पान्या : दुकानातून आणू या सरळ. आत्ता जातो.

वहिनी : शनिवारीच जाऊन आले, कोंब कमी दिसले तेव्हा. त्यांच्याकडचं बी संपलंय. पुढची गाडी आठ दिवसांनी. तोपर्यंत जमिनीतली ओल राहते का, तूच सांग.

पान्या : नाही राहत. उद्या, फार तर परवा.

वहिनी : मग?

पान्या : मग काय. बाईंना फोन करतो, यंदाही जमत नाही म्हणून. दोनदा ठेवली त्यांनी माझी जागा. तिसऱ्यांदा ठेवणार नाहीत, तसं स्पष्ट लिहिलंय. जाऊ दे. पाय बनवणारे दुसरे मिळतील त्यांना.

वहिनी : फोन खाली ठेव.

पान्या : अगं, माझंच केलेलं आहे हे. बी का मेलं, माहितेय तुला? मळणीयंत्राचा वेग मी वाढवला होता. गेल्या वर्षी मळणी लवकर उरकली की महिनाभर आधी निघता येईल, या नादात. सोयाबीनचं साल केवढं नाजूक असतं, त्याला मार बसला की आतला कोंब जातो. हे मला माहीत होतं गं. माहीत असून कान पिळला यंत्राचा. पळायची घाई केली आणि तीच आता पायात आली.

वहिनी : तुझा एकट्याचा दोष नाही. पोती ट्रॉलीवरून मीच ढकलून दिली होती, उतरवायला कोणी नव्हतं म्हणून. चार फुटांवरून पडली ती. फोन वाजतोय बघ.

पान्या : दादाचा आहे. घे, तुझाच नवरा आहे.

वहिनी : तू घे. स्पीकरवर टाक.

थोरला : हां पान्या! झाली का पेरणी?

पान्या : उद्या. दादा, बी निम्मंच उगवतंय. पाच एकराला पुरत नाही.

थोरला : त्यात काय एवढं? पातळ सोड. पेरणीयंत्राचा दाणे सोडायचा खटका एक घर खाली घे आणि फिरव पाचही एकरांत.

पान्या : पातळ सोडून वर निम्मंच उगवलं, तर रानात राहील काय?

थोरला : नाही उगवलं तर दहा दिवसांनी पुन्हा पेर. तू आहेसच की तिथं.

पान्या : मी बुधवारी निघतोय, दादा. तुला सांगितलं होतं.

थोरला : अरे हो, ते लाकडी पाय! त्यांना काय घाई आहे? ते काय पळून जाणारेत? आईचे गुडघे तसे, तुझी वहिनी एकटी. एवढं वर्ष काढ. पुढच्या पेरणीला मी येतोच.

पान्या : हे तू गेल्या वर्षीही म्हणालास.

थोरला : ए, इथं दीडशे फुटांवर क्रेनच्या केबिनमध्ये बसलोय मी. वारा सुटलाय. मला तिथलं सगळं नको सांगूस. पाच एकर म्हणजे पाच एकर.

वहिनी : तीन एकर पेरणार आहे.

थोरला : कोण, तू आहेस होय? कोण म्हणतं तीन?

वहिनी : मी म्हणते.

थोरला : कोणाला विचारून?

वहिनी : मोजून.

थोरला : काय?

वहिनी : मोजून म्हणते आहे. त्याचे एक्कावन्न, माझे त्रेपन्न. बावन्न धरले. एकराला साडेएक्केचाळीस किलो लागतं. तीन एकराला एकशे पंचवीस, दहा किलो उरतं. चौथ्या एकराला पुरत नाही. तुम्ही वरून कितीही ओरडलात तरी पुरत नाही.

थोरला : आणि उरलेले दोन एकर? पडीक टाकणार? लोक काय म्हणतील, घरात धडधाकट माणूस असून...

वहिनी : घरात धडधाकट माणूस बुधवारपासून नाही. लोकांना तसं सांगा.

थोरला : पान्याला दे फोन. पान्या, काय चाललंय तिचं? ऐकतोयस ना? थांब, हुकाला माल लागलाय खाली, शिट्टी मारतायत. रात्री बोलतो.

पान्या : ठेवला.

वहिनी : ठेवू दे.

पान्या : अशी कधी बोलली नाहीस त्याच्याशी.

वहिनी : पाणी दे जरा.

पान्या : घे. पण वहिनी, तीन एकर असो की पाच, यंत्र कोण लावणार? यंदा दाणा जास्त सोडायचाय, खटका नेहमीच्या घरात चालणार नाही. उद्या मी पेरून देईन. पण उरलेल्या दोन एकरांना आठ दिवसांनी बी आलं, तेव्हा? दरवेळी शेजाऱ्याच्या हातापाया पडणार? मी थांबतो. दहाच दिवस. उगवण बघतो, मग जातो.

वहिनी : गेल्या वर्षीही दहाच दिवस होते.

पान्या : मग करणार काय तू?

वहिनी : लावीन मी यंत्र.

पान्या : तू?

वहिनी : चाक उचलून ठोकळ्यावर घ्यायचं. पाचही नळ्यांना पिशव्या बांधायच्या. चाकाचा घेर दोन मीटर, वीस वेढे म्हणजे चाळीस मीटर. यंत्राची रुंदी सव्वादोन. म्हणजे नव्वद चौरस मीटर झाले. अशा पंचेचाळीस तुकड्यांचा एक एकर. साडेएक्केचाळीस किलोला पंचेचाळीसनं भागायचं. वीस वेढ्यांत नऊशेवीस ग्रॅम पडले की खटका बरोबर. कमी पडले तर एक घर वर.

पान्या : थांब, वहीत मांडून बघतो.

वहिनी : चुकलं का काही?

पान्या : नाही. ट्रॅक्टर?

वहिनी : पहिल्या वर्षी तू तापानं फणफणला होतास ना, तेव्हा मागचं रान नांगरल्यावर कोणी मोगडलं? शेजारी आला होता म्हणून सांगितलं मी तुला.

पान्या : म्हणजे पहिल्या वर्षापासून येतं तुला.

वहिनी : पहिल्या वर्षी थोडं थोडं. मागच्या वर्षी सगळं.

पान्या : आणि मी मागच्या वर्षी कशासाठी थांबलो? तूच दारात उभी राहून म्हणालीस, खटका लावायचा मला कळत नाही, तू गेलास तर पेरणी बुडेल. मी बॅग खाली ठेवली होती, वहिनी. बस समोर उभी होती.

वहिनी : हो.

पान्या : हो काय?

वहिनी : खोटं बोलले. येतं म्हटलं असतं तर तू गेला असतास. मग या घरात मी, गुडघ्यांबरोबर कानही गेलेल्या सासूबाई आणि भिंती. हे येणार नाहीत हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यांना वरचं बरं वाटतं. मला कोणीतरी हवं होतं जेवताना समोर. एवढं साधं होतं ते. त्यापायी तुझं एक वर्ष खाल्लं मी.

पान्या : दोन.

वहिनी : पहिलं तुझ्या दादानं खाल्लं. दुसरं माझं.

पान्या : मला तुला खूप बोलावंसं वाटतंय.

वहिनी : बोल काहीही. मी ऐकेन. या घरात आले तेव्हा अकरा वर्षांचा होतास, सायकल खोलायला पाना घेऊन हिंडायचास. पान्या हे नावसुद्धा मी ठेवलेलं. तुला बोलायचा हक्क आहे.

पान्या : मग यंदा उलटं खोटं का? मागच्या वर्षी मला ठेवायला, यंदा घालवायला?

वहिनी : मागच्या महिन्यात तुझी हत्यारांची पेटी काढून बसला होतास. एकेक कानस पुसलीस, तेल लावलंस, परत ठेवलीस. मी म्हटलं, यंदा तरी जमेल ना रे तुझं? तर तू म्हणालास, बघू. नुसतं बघू. आधी आदळआपट करायचास, ताट सरकवून उठायचास, मला त्याचा त्राससुद्धा व्हायचा. यंदा काहीच नाही. शांतपणे पेटीला कडी लावलीस आणि गाईला वैरण घालायला गेलास.

पान्या : मग?

वहिनी : मला भीती वाटली. ती शांतता माझ्या ओळखीची आहे. मी गेली चार वर्षं तशीच आहे. लोकांना वाटतं समजूतदार आहे. समजूत नाही रे ती, नुसतं हलणं बंद होतं माणसाचं. तुझं तसं व्हायला नको होतं, आणि व्हायला लागलं होतं.

पान्या : सरळ सांगायचं होतंस. यंत्र येतं मला, तू जा, म्हणून.

वहिनी : मग हे सगळं सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा चौऱ्याऐंशी म्हणणं सोपं वाटलं.

पान्या : मला राग आलाय तुझा.

वहिनी : येऊ दे. बुधवारी घेऊन जा बरोबर.

पान्या : हसवू नकोस. खरंच आलाय. वर्षानुवर्षं राहील कदाचित.

वहिनी : कळतंय मला.

पान्या : ऊठ. ऊन चढायच्या आत यंत्र लावून ठेवू. पिशव्या कुठे आहेत?

(दोघं अंगणात पेरणीयंत्रापाशी येतात.)

वहिनी : फिरव चाक. सावकाश. झटका दिलास तर दाणे उगाच जास्त पडतात.

पान्या : मला शिकव आता. अठरा... एकोणीस... वीस. कर वजन.

वहिनी : आठशे चाळीस.

पान्या : कमी आहे.

वहिनी : एक घर वर घेते. सरक. हं, फिरव.

पान्या : ...वीस.

वहिनी : नऊशे दहा.

पान्या : दहा ग्रॅम कमी.

वहिनी : चालतं. ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं तेवढं पडतंच.

पान्या : हे मला माहीत नव्हतं.

वहिनी : तुझ्या वहीत नाही ते. मागचं रान करताना बघितलं.

पान्या : दादा रात्री पुन्हा फोन करेल.

वहिनी : करू दे.

पान्या : आणि आठ दिवसांनी बी नाहीच आलं तर?

वहिनी : तर दोन एकर मोकळे राहतील. त्यानं मरत नाही कोणी. मोकळं रान बघायची सवय होईल मला.

पान्या : वहिनी, तू कुठे जाशील गं? म्हणजे जायचं म्हटलं तर?

वहिनी : मी?

पान्या : हो.

वहिनी : हे मला कधी कोणी विचारलं नाही. उत्तर शोधावं लागेल.

पान्या : शोध.

वहिनी : ट्रॅक्टरवर चढू दे मला. उद्या सकाळी पहिल्या ओळी मी घालते, आज कडेनं एक फेरी नुसतीच मारून बघते.

पान्या : बस. क्लच जरा कडक आहे, पाय पूर्ण दाब. मी इथं कडेला उभा राहतो, वाकडं गेलं तर हाक मारीन.

वहिनी : नको. तू बघत असलास की मला काही येत नाही. घरात जाऊन कपडे भर.