दोन खोकले आणि एक खाकरणं

नाही, शपथेवर सांगतो दादा, अक्षर न् अक्षर खरं आहे – म्हणजे अक्षरं थोडी इकडची तिकडे झाली असतील, मधे एखादं माझ्या पदरचं असेल, पण शपथ खरी आहे – तुम्ही बसा ना, असं उभ्याउभ्या नका ऐकू. ती खुर्ची नको! तिचा पाय मोडलाय. मीच मोडून ठेवलाय, मालकांसाठी. ह्या स्टुलावर बसा. दार राहू द्या उघडं, जिना दिसला पाहिजे. का? सांगतो ना. हार्ड डिस्क न्यायलाच आलाय ना तुम्ही, देतो. गाणं सगळं परत मिळालंय. जवळजवळ सगळं. म्हणजे त्याचं असं आहे –

तुम्ही डिस्क घेऊन आलात तेव्हा ती आतून टकटक करत होती, आठवतंय? तुमचा चेहरा त्या डिस्कपेक्षा वाईट होता. म्हणालात, बाकी काही गेलं तरी चालेल, गिटार परत वाजवता येईल, बेस परत वाजवता येईल, पण बाबांच्या खोकल्याची एक फाइल आहे – ते जिन्यातून वर येताना दोनदा खोकायचे आणि एकदा खाकरायचे – तो आवाज आता परत मिळायचा नाही. आणि मान खाली घातलीत. आता तुम्हीच सांगा, माणूस असं बोलून मान खाली घालतो तेव्हा समोरच्यानं काय समजायचं? तेच समजलो मी. मनातल्या मनात काकांना, म्हणजे तुमच्या बाबांना, पोचवून, आंघोळ करून आलो.

तर फाइल मिळाली होती. हो, खरंच. सगळ्यात आधी तीच मिळाली. गाण्याची मुख्य फाइल म्हणजे काय, नुसता नकाशा असतो, कुठला आवाज कुठे आणि किती वेळ – आवाज बिचारे राहतात दुसऱ्याच फोल्डरात. ते एकेक करून काढले, तर पहिला हात लागला तो काकांना. लावून बघितलं. काय खोकला होता दादा! अख्ख्या घराला दटावणारा. आणि इथे माझा थोडा – थोडा म्हणजे काय, पूर्ण – दोष आहे. आमचे मालक भित्रे. ते बिल करतात त्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरला, चूक झाली की ‘टुंग’ वाजतं ना, त्याच्या जागी मी काकांना बसवलं. मालक चुकीचा आकडा टाकणार आणि मागून कुणीतरी ख्रूं करून खाकरणार! हसू नका. हसत नाहीयात? बरं.

फक्त कॉपी करायची होती ती फाइल. मी कट केली. हात, दादा, हात वळला तसा. मालक चुकले, काका खाकरले, मालकांनी चहाचा अख्खा मग कॉम्प्युटरवर ओतला. गेला तो. तोपर्यंत तुमच्या डिस्कनंही उरलंसुरलं माझ्या हवाली करून मान टाकली होती. बाहेर बोर्ड काय आहे आमचा? ‘गेलेला डेटा परत मिळेल’. आणि आमचाच गेला. आता तो दुरुस्तीला न्यायचा कुठे? चार दुकानं सोडून आमचा शत्रू बसतो, त्याच्याकडे? मालकांनी नेलासुद्धा, बुरखा घातल्यासारखं तोंड लपवून. तो म्हणाला, ह्यात चहा आहे.

हो, कळतंय मला पुढचा प्रश्न. मग गुरुवारी तुम्ही गाणं ऐकायला आलात तेव्हा काय ऐकवलं? – जरा पाणी घेता? – गुरुवारी तुम्हाला मी ऐकवला. म्हणजे मी. माझा खोकला. असं बघू नका ना! दिवसभर खोकत होतो त्या माइकसमोर. मालकांना दया आली, औषधाची बाटली आणून दिली, तीन चमचे समोर उभं राहून पाजले, तर खोकलाच पळाला. आधी रेकॉर्ड झालेला फार तरुण वाटत होता, म्हणून ओढून लांब केला, जाड केला. नकाशात बसेना – तुम्ही गाण्याचा सगळा ताल काकांच्या खोकल्यावरून घेतलाय हो, मी खोकलो की ड्रम पुढे पळतात – कसाबसा दामटून बसवला. वाटलं, तुम्ही हसाल, मला शिव्या घालाल, मी म्हणेन गंमत केली, पैसे देऊ नका. पण तुम्ही काय केलंत? डोळे मिटलेत. म्हणालात, हेच. बाबाच. आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवलात – सुटेना. माझा, दादा, माझा हात धरून तुम्ही माझ्याच खोकल्यावर रडलात. आजवर मी पुष्कळ जणांना गंडवलंय, मजा यायची. ह्या वेळी घरी गेलो, आईनं विचारलं घसा बसलाय का, आणि मला खोटं सुद्धा बोलता येईना. तो हात धुतला तरी तसाच.

मग म्हटलं, काकांचा आवाज दुसरीकडे कुठे तरी असेल. एखाद्या समारंभाचा व्हिडिओ, कुणाच्या तरी फोनमध्ये. तुमच्या गाण्याच्या कव्हरचा फोटो मिळाला होता ना, तो त्यांच्या दुकानाचा बोर्ड – कुलुपं, किल्ल्या, खाली नंबर. लावला फोन. पलीकडून कुणीतरी, कुलूप की किल्ली? मी म्हटलं, दुकानाचे आधीचे मालक होते ना, त्यांच्याबद्दल जरा. ते म्हणाले, आधीचा कोण? मी म्हटलं, जे वारले ते. ते म्हणाले, मीच आहे इथे पहिल्यापासून, आणि अजून तरी वारलो नाही, तुला कुणी सांगितलं?

मला घाम! मेलेला माणूस मला कुलूप की किल्ली विचारतोय! – नाही, तुम्ही मेले असं म्हणाला नव्हतात, मान्य. बाबांशी बोलत नाही, एवढं म्हणाला असतात तर? दुकानात बसायचं सोडून गाणं करायला निघालात, ते म्हणाले गाण्याला कोण पैसे देतं, तुम्ही बॅग उचललीत – हे सगळं मला तिथून कळलं. तुम्ही नुसतीच मान खाली घातलीत. अर्धा दोष मानेचा आहे.

सांगितलं मग त्यांना. सगळं. कट, चहा, माझा खोकला, तुमचं रडणं – हो, ते पण सांगितलं, चुकलं असेल. तिकडून नुसता कानस घासल्याचा आवाज. मग म्हणाले, कसला खोकला? मला कधी खोकला नव्हता. मी म्हटलं, काका, जिन्यात, दोनदा खोकून एकदा खाकरायचात ते. तर म्हणाले – बसा, उठू नका – म्हणाले, खालपर्यंत ऐकू यायचं त्याचं वाजवणं. अभ्यास सोडून बसलेला असायचा. मी सरळ दार उघडलं असतं तर मला रागवावं लागलं असतं. म्हणून खोकायचो. त्याला तो बॅटरीवरचा छोटा पियानो पलंगाखाली सारायला वेळ मिळावा. नाहीच आवरलं त्याचं तर खाकरायचो.

...

घ्या ना पाणी. मी तिकडे बघतो, तुम्ही सावकाश घ्या.

तर म्हटलं, काका, फोनवरच खोका, मी रेकॉर्ड करतो. तडकले. फुकट? गाण्यात वाजणार ना ते? मग वाजवणाऱ्याला पैसे मिळतात का नाही? मी म्हटलं, तुम्हीच तर म्हणायचात गाण्याला कोण पैसे देतं. म्हणाले, तेच बघायचंय मला. किती द्यायचे ते त्याचं त्यानं ठरवावं, पण आधी पैसे, मग खोकला – आणि तुझ्या हातून घेणार नाही, तू लबाड आहेस. ज्याचं गाणं आहे त्यानं हातात द्यावेत.

म्हणून तुम्हाला आज बोलावलं. माइक लावून ठेवलाय. माझा खोकला काढून टाकलाय, कायमचा – ह्या वेळी डिलीट, कट नाही. आमचं बिल? आमचं राहू द्या, मालक माझ्या पगारातून –

श्श. ऐकलंत? एक... दोन. खालच्या वळणावर असतील. वेळ देतायत तुम्हाला. डोळे पुसा, दादा, पटकन – अहो, खाकरले सुद्धा! काढा, काढा पाकीट.