पाच राक्षसांची फौज

सोलापूरच्या स्टँडवर अकलूजची गाडी लागायची होती. वैदेही मोबाइलवर चिमुकल्या राक्षससेनेचा अख्खा संच बघत बसली होती. छोट्या पुतळ्यांची ही सेना विकत घ्यायची, हातानं रंगवायची, टेबलावर मांडायची, खेळात लढवायची. महिनाभर नुसती बघतच होती. एवढं सगळं आपल्याला झेपणार कसं? शेजारच्या बाकावर मोडनिंबहून आलेले आप्पा, त्यांना न्यायला आलेल्या सोलापुरातल्या लेकाला धारेवर धरत होते.

"ऋतुराज, ही बोटाएवढी राक्षसं किती घेतलीस?"

"पाचच, आप्पा. ती रंगवून, खेळून झाली की मग पुढची."

"पाचात कसली लढाई रं?"

"छोटी लढाई. नियम फुकट मिळतात. सैनिक कमी पडले तर बाटलीची बुचं मांडतो."

"आन् डोंगर, बुरूज?"

"ते विकत घ्यावे लागतील."

"इकत? येडा हायस का? दिवाळीला किल्ला कोण करत व्हतं? दगडं, पोतं, वर चिखल, झाला डोंगर!"

"हितं फ्लॅटमध्ये माती कुठली?"

"त्या पिशवीत बघ की. शेतातली हाय. खाली तुजं मावळं बी हायती. एकाचा हात तुटलाय, त्याला म्होरं धाडू नगंस."

गाडी लागली. वैदेहीनं मोबाइल पर्समध्ये टाकला, उठली आणि ऋतुराजकडे वळली.

"बुचं कुठल्याही बाटलीची चालतात का हो?"