तळघराच्या जिन्यातला दांडा

(मर्लचं हार्डवेअरचं दुकान. काउंटरपाशी आर्डिस आणि तिचा भाऊ कर्टिस.)

आर्डिस : नको मर्ल, हे खांब शोधायचं यंत्र ठेवून द्या. ह्याला दिवे आहेत.

मर्ल : अहो, सोपं आहे. भिंतीवरून फिरवायचं. बोर्डामागच्या लाकडी खांबाची कड आली की पिवळा दिवा, मध्य आला की लाल. लहान पोरालासुद्धा जमतं.

आर्डिस : पोराला डोळे असतात. माझे जाऊन दोन वर्षं झाली.

मर्ल : चुकलो, आर्डिसबाई. हे बघा, म्हणजे... हे ऐका. हे वाजतं.

आर्डिस : ते तर आत्ता तुमच्या काउंटरवरही वाजलं. काउंटरात कुठला आलाय खांब?

मर्ल : ते आधी जरा जुळवून घ्यावं लागतं.

आर्डिस : मला जुळवाजुळव नको. नुसत्या लोहचुंबकाचं काही असेल तर दाखवा.

कर्टिस : आर्डी, बास झालं हं आता. मर्ल, हिला काही देऊ नका. गेल्या महिन्यात तळघराच्या जिन्यावरून पडली. कपाळाला सात टाके! दाराला कुलूप घातलंय मी, ते काय उगाच?

आर्डिस : घर माझं, आणि किल्ली धाकट्या भावाच्या खिशात. ऐकताय ना, मर्ल?

कर्टिस : तुझ्याच भल्यासाठी ना?

आर्डिस : खाली माझा माग आहे. चिंध्यांच्या सतरंज्या विणायला डोळे लागत नाहीत, कर्टिस. तिथवर जायला जिन्याला धड दांडा लागतो, हाताने धरायला.

मर्ल : लोहचुंबकाची दोन आहेत. हे बोटाएवढं, आणि हे जाड. खाली मऊ कापड आहे, रंग खरवडत नाही.

आर्डिस : भिंतीशी न्या मला. हं... हे बारकं नुसतंच घसरतंय. जाड द्या. अगंबाई! खेचलं की!

मर्ल : बोर्ड लाकडावर बसवतात ना, त्या स्क्रूच्या डोक्याला चिकटलं. पण एकावर भरवसा ठेवू नका. सरळ खाली जा.

आर्डिस : हा दुसरा. आणि... हा तिसरा.

मर्ल : एका ओळीत तीन म्हणजे मागे लाकूड. पुढचा खांब बहुधा सोळा इंचांवर.

आर्डिस : हेच द्या.

कर्टिस : आणि भोकं कोण पाडणार?

आर्डिस : जिचा जिना आहे ती.

(आर्डिसचं घर. तळघराचं दार उघडं. बहीण-भाऊ जिन्यात.)

आर्डिस : ही पहिली ओळ. इथे चिकटपट्टी लाव. आणि ही बाजूची भोकं कसली रे?

कर्टिस : जुन्या दांड्याची. मी उन्हाळ्यात बसवला होता ना, तो.

आर्डिस : म्हणजे माझ्या हातात उपटून आला, तो. खांबापासून चार बोटं लांब आहेत ही. कशात मारले होतेस स्क्रू?

कर्टिस : ते... ठोकून बघितलं होतं मी. भरीव वाटलं.

आर्डिस : नुसता बोर्ड होता, मागे पोकळ. आणि दवाखान्यात काय सांगितलंस? दिसत नाही म्हणून पडली! मलाही ते खरं वाटलं. महिनाभर वर खुर्चीत बसून राहिले मी, कर्टिस. म्हटलं, संपलं आपलं.

कर्टिस : मला खरंच माहीत नव्हतं गं.

आर्डिस : आता झालं ना माहीत? ड्रिल दे.

कर्टिस : राहू दे, मी करतो.

आर्डिस : तू दांडा पेलून धर. टोक कुठे टेकवायचं ते माझं बोट सांगेल... हां, गेलं आत. वास आला? पाइनचं लाकूड. आता लांबवाले स्क्रू दे.

कर्टिस : हे घे. हा शेवटचा.

आर्डिस : बसला. आता लटक त्याला.

कर्टिस : मी? अडीचशे पौंड वजन आहे माझं!

आर्डिस : माहितीय. लटक.

कर्टिस : ...हलत नाही गं.

आर्डिस : मग सरक बाजूला. मला खाली जायचंय.