टिपा तेवढ्या आल्या नाहीत

—नाही गं तियामिके, अवघड काही नाही त्यात, बस तू, तुझंही करून देते — जुन्या सॉफ्टवेअरमधले संदर्भ बाहेर काढायचे, नव्यात घालायचे, झालं. माझे आले की सगळे! लेखक आले, सालं आली, मासिकांची नावं आली — आता सगळे बांडा आडनाववाले एकाच माणसात कोंबलेत, ते सोड — आपल्या मलावीत बांडा काय थोडे आहेत? चिलवा सरोवरातल्या माशांवर लिहिणारा नि मलेरियावर लिहिणारी एकच झाली! इतके हसलो आम्ही — म्हणजे, मी हसले. एकटीच. लिंबानी असता तर — हो, माझा नवरा. तुला कुठून माहीत असणार, तू यंदाच आलीस झोंबाला. त्याचाही विषय हाच — चिलवा सरोवर आटलं की मासे जातात कुठे. त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये खातं आमचं दोघांचं एकच. वाचेल त्या लेखाला टीप जोडायचा. शास्त्रीय? छे! ‘हा गृहस्थ जन्मात होडीत बसलेला नाही.’ ‘पुढचं तू वाच, मी मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळतो.’ — असलं काहीतरी.

मग सरोवरावर ते दक्षिणेचं म्वेरा वारं सुटलं नि होडी उलटली त्याची, गेला तो. तेव्हापासून मी काय करायचे — प्रबंधात लागेल तेवढाच लेख उघडायचा, त्याचीच टीप वाचायची. पुढची नाही. का म्हणजे? पुरवून पुरवून गं. सगळ्या एकदम वाचल्या असत्या तर संपला असता ना तो! प्राध्यापक म्हणायचे, बाई, किती हळू लिहिता. काय सांगणार त्यांना? आणि मग विद्यापीठाने जुनं बंद केलं. संगणकवाले म्हणाले, सगळं जसंच्या तसं येईल, काळजी नको. आलं. टिपा तेवढ्या आल्या नाहीत. मागे वळून बघते तर जुनं खातं पुसलेलं. कंपनीला लिहिलं मी, विनवण्या केल्या — फार सभ्य उत्तर आलं. परत मिळत नाही म्हणे. वाचलेल्या पाठ आहेत मला, त्यांचं काय नाही. पण न वाचलेल्या — त्यात काय होतं गं? शेवटच्या महिन्यात रात्रंदिवस लिहीत होता. मी म्हणायचे, नंतर बघेन.

प्रबंध? चाललाय की, स्वल्पविराम तपासतेय — सगळ्यांना तेच सांगते. ईस्टरपासून उघडलेला नाही. उघडून काय करू? नुसती नावं नि सालं.

हं, हे बघ, आले तुझे. तुझ्या टिपा होत्या का काही? नव्हत्या ना? मग झालं तर. — नको, पाणी नको मला. ऊठ आता, कँटीनमधला चांबो मासा संपेल. अगं, रडत नाहीये मी. घे तो लॅपटॉप नि जा. जा म्हटलं ना.