लांब्याची शीळ

— नको, बूट काढू नकोस, चिखलाचं काय एवढं, या घराला चिखल काय नवा आहे का? ती भिंत बघ. रंगवलीय असं वाटलं ना तुला? चिखलच आहे तो. लांब्यानं काढलंय — माझ्या मुलानं. ताडमाड उंच, म्हणून लांब्या. नाव मीच पाडलं आणि मग गावभर तेच झालं. या दलदलीच्या प्रत्येक काठाचा चिखल वेगळा — कुठला राखाडी, कुठला गंजलेला, ओहोळाजवळचा तर थेट काळा — तो गाळायचा, वाळवायचा आणि त्याच चिखलानं दलदलीचं चित्र काढायचा. आणि सूनबाई त्याच चिखलातलं मीठ मोजायची. एकाच घमेल्यात दोघांचे हात! मी म्हणायचे, अरे, निदान जेवा तरी वेगळ्या भांड्यात. तुमचं जे शिबिर आहे ना, सकाळी मोजमाप आणि दुपारी चित्रं, ते इथं सुरू झालं, याच टेबलावर. सूनबाईनं सांगितलं नाही? नाहीच सांगणार. ती पलीकडच्या काठावर राहते आता, इकडे पाऊल टाकत नाही. म्हणून तुला पाठवलं.

हो, हो, सांगते ना. शिळेचं विचारायला आलीस, शिळेचंच सांगते. लांब्या दलदलीतून परत निघाला की शीळ घालायचा. दोन तुटक, मग एक लांब, शेवटी वर उचललेली — ‘आहेस का घरी?’ असं विचारल्यासारखी. ती ऐकली की मी पाणी तापत ठेवायचे, कारण स्वारी गुडघ्यापर्यंत बरबटलेली. मग एकदा तो चिखल आणायला गेला, पाय रुतला, आणि भरती आली. बास. एवढंच. लोक म्हणतात सापडलाच नाही — सापडला, उगाच काय वाटेल ते बोलतात. त्याच्या कानातला चिखल मी माझ्या हातानं धुतला.

बस ना, उभी का? हां, तर पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी भांडी घासत होते, आणि लव्हाळ्यांतून शीळ आली. दोन तुटक, एक लांब. तू हसशील — मी पाणी तापत ठेवलं. हात आपोआप गेला, डोक्याला विचारलंच नाही त्यानं. टॉवेलसुद्धा काढला. वळून बघते तर सूनबाई पायरीवर, एक बूट पायात, एक हातात, चेहरा पांढराफटक. म्हणाली, ‘आई, तुम्हालाही ऐकू आलं?’ म्हणजे मला एकटीला वेड लागलं नव्हतं तर! पण ती पडली शास्त्र शिकलेली — दुर्बीण घेऊन गेली, संध्याकाळी परत आली आणि म्हणाली, नकल्या पक्षी आहे. तोच तो, मातकट, चिमणीएवढा, ज्याचं त्याचं ऐकून गळ्यात भरून ठेवणारा. लांब्याची शीळ त्यानं उचलली होती, आणि मादीला बोलवायला वापरत होता मेला! मला हसू आलं. तिला नाही आलं. दिवसभर शीळ गं — पहाटे, जेवताना, कपडे वाळत घालताना. ती कानांत कापूस घालायची. शेवटी म्हणाली, ‘मला नाही राहवत इथं, तुम्हीही चला.’ मी म्हटलं, तू जा. मी कशी येऊ? तो हाक मारतोय आणि घरात कुणी नाही, असं कसं चालेल?

निघताना म्हणाली — धीरच द्यायचा होता तिला — ‘आई, हे फार टिकत नाही. पिल्लं मोठ्यांचं ऐकून शिकतात, दर पिढीला थोडं झिजतं. दोन-चार वर्षांत विरून जाईल.’ विरून जाईल! जसा काही डाग होता तो.

आणि आता तू म्हणतेस, विरलंच नाही. इतकी वर्षं जशीच्या तशी. सूनबाई त्यावर लिहितेय, आणि तू ते आवाजाचं चित्र करणारेस — हो, कळलं मला, अंधाऱ्या खोलीत लोक उभे आणि चहूबाजूंनी शीळ. छान आहे. नकल्याची आठवण पक्की म्हणायची. अगं, राहणारच ना जशीच्या तशी, रोज घोकून घेतलं तर अगदी ढ पोरही पाढे म्हणेल, मग तो तर —

अशी काय बघतेस? बरं. हो. मी घालते शीळ. ते पक्षी उन्हाळ्याचे इथं येतात त्या दिवसांत, रोज, मागच्या दारात उभी राहून. येत नव्हती मला, या वयात शिकले, फुंकून फुंकून चक्कर यायची. त्यांनी चुकवलं की मी पुन्हा घालते. पुन्हा चुकवलं, पुन्हा. सूनबाईला सांगू नकोस. — नाही, सांग. तिचं लिहिणं खोटं पडायला नको. सांग, म्हातारीच शिकवणी घेते त्यांची.

लाव बघू ते यंत्र. आज सकाळी टिपलेलं ना? ... हं. हं! तोच. शेवटी उचलतो बघ कसा, अगदी — काय? हळू करून? कर ना. तेवढाच जास्त वेळ ऐकू येईल तो.

थांब. मागे घे. लांब सुराच्या आधी काय आलं ते? ते फुस्स. — वारा? वारा असा नसतो. पुन्हा लाव.

लांब्याची शीळ स्वच्छ होती, बाळ. तारेसारखी. हा माझा पुढचा दात — बघ, इथं फट आहे — हा पडल्यापासून माझी हवा इथून निसटते. बरोब्बर तिथंच, लांब सूर घेताना. मागच्या वर्षीचं आहे तुझ्याकडे? त्याच्या आधीचं? लाव.

... त्यातही आहे.

म्हणजे लांब्या कधीच गेला यातून. आणि मी इथं रोज — मीच हाक मारायची आणि मीच ओ द्यायची.

बंद कर ते. नको, पाणी नको मला. तू ऊठ, भरती लागेल, मग वाट बुडते. बांधावरून सरळ जा, कडेला उतरू नकोस. आणि ती खिडकी ओढून घे. आता सुरू करतील ते, हीच वेळ त्यांची.

खिडकी लाव म्हटलं ना.