डिकी धरणारा माणूस

मिस्त्री : टाके किती पडले?

काकू : चार. डॉक्टर म्हणाले, डोकं टणक आहे म्हणून निभावलं. ह्यांनी चाळीस वर्षं हेच सांगितलं होतं, तेही फी न घेता.

मिस्त्री : मी तेव्हाच बोललो होतो काकू. डिकी वर धरणारे शॉक, त्यांतला गॅस गेला की नुसत्या दोन काठ्या. आज ना उद्या डिकी डोक्यात येणारच.

काकू : दोन वर्षं नाही आली.

मिस्त्री : काका गेल्यावर आली.

काकू : तीन महिन्यांनी. बाजारातली पिशवी ठेवायला मी वाकले. सवयीनं वाकले हो, वर बघितलंच नाही.

मिस्त्री : चला, आता बसवून टाकू. पण एक विचारू? राग मानू नका.

काकू : विचारा. राग मानायला माणूस लागतं घरात.

मिस्त्री : नवी जोडी मी तेव्हाच बसवली होती. आठव्या दिवशी तुम्ही परत आलात आणि म्हणालात, हे काढा, जुनेच लावा. मला वाटलं, डुप्लिकेट माल लावला असा संशय आला तुम्हाला. धडधडीत मेलेले शॉक परत लावून देणारा मी या बाजारातला एकटा मिस्त्री असेन. घरी बायको म्हणाली, जेवत का नाही नीट?

काकू : अगंबाई! दोन वर्षं मनात ठेवलंत?

मिस्त्री : मग? तुम्ही कारण कुठं सांगितलंत!

काकू : गाडीत हे बसले होते. त्यांच्यासमोर काय सांगणार? ह्यांचं विसरणं तेव्हा वाढलं होतं. आधी चाव्या विसरले, मग रस्ते, मग मला. मला ‘बाई’ म्हणायला लागले. लग्नानंतर एवढ्या अदबीनं कधी बोलले नव्हते.

मिस्त्री : मला तर नीट नमस्कार करायचे.

काकू : सगळ्यांनाच करायचे, म्हणजे चूक व्हायला नको. पण मी डिकी उघडली की न सांगता उतरायचे, मागे यायचे, दोन्ही हात वर करून डिकी धरायचे. म्हणायचे, ‘बाई, तुम्ही निवांत ठेवा, मी आहे इथं.’ दिवसभरात तेवढंच एक वाक्य पुरं व्हायचं. जन्मभर ऑफिसात फायली पुढच्या टेबलावर ढकलल्या. स्वतः धरून ठेवलेली पहिली गोष्ट म्हणजे ही डिकी.

मिस्त्री : आणि मी नवे शॉक लावले.

काकू : तुमचं काम चोख होतं, तीच तर पंचाईत. डिकी आपली आपण वर गेली आणि थांबली. ह्यांनी हात वर केले, ते वीतभर खालीच राहिले. मग हात खाली घेऊन बघत बसले. पुढून बघितले, मागून बघितले. दुसऱ्या दिवसापासून गाडीतून उतरलेच नाहीत.

मिस्त्री : म्हणून तुम्ही...

काकू : म्हणून. जुने लावले, बाजारात गेलो, डिकी खाली यायला लागली आणि हे धावत आले हो. धावत! मी एकेक बटाटा वेगळा ठेवला त्या दिवशी.

मिस्त्री : सांगायचं तरी काकू. मी तुम्हाला येता-जाता ओळख दाखवायचं सोडलं होतं.

काकू : मला वाटलं, तुमची नजर अधू झाली. ती नवी जोडी टाकून दिलीत?

मिस्त्री : ही काय, भिंतीवर. दांडी खाली करून टांगलीय, म्हणजे आतलं तेल सीलपाशी राहतं, सील सुकत नाही. महिन्यातून एकदा कोरडं फडकं मारायचो. म्हटलं, रागावलेलं माणूस कधीतरी येईल.

काकू : एकच बदलला तर? एका बाजूचा जुना राहू दे.

मिस्त्री : जोडीनंच बदलतात. एका बाजूनं जोर लागला की डिकी पिळवटते.

काकू : माहीत आहे मला ते.

मिस्त्री : चुकलो.

काकू : लावा दोन्ही. लेकीनं फर्मान काढलंय, आज शॉक नाहीतर उद्या गाडी विकायची. उघड्या डिकीचा फोटो मागितलाय, आणि फोटोत माझा हात दिसता कामा नये. आईवर विश्वास आहे तिचा, पण ओळखही आहे.

मिस्त्री : थांबा, टेकू आणतो. शॉक सुटेपर्यंत डिकीला आधार लागतो.

काकू : टेकू नको. मी धरते.

मिस्त्री : डोक्याला टाके आहेत काकू!

काकू : हाताला नाहीत.

(काकू दोन्ही हात वर करून डिकीखाली उभ्या राहतात. मिस्त्री बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं एकेक क्लिप उचलून जुने शॉक सोडवतो.)

काकू : अहो, जड आहे ही.

मिस्त्री : लोखंड आणि काच. आता सगळा भार तुमच्यावर.

काकू : आणि जुने शॉक होते तेव्हा? थोडातरी भार घेत असतील ना ते?

मिस्त्री : काय सांगू काकू...

काकू : खरं सांगा.

मिस्त्री : काही नाही घेत. कधीचे संपलेत.

काकू : म्हणजे एवढीच जड होती.

मिस्त्री : एवढीच.

काकू : मी बटाटे मोजत बसायचे. हे कधी जड म्हणाले नाहीत हो.

मिस्त्री : ...हा डावा बसला. थोडी वर घ्या. हां, टक्क झालं. उजवाही बसला. सोडा आता.

काकू : हं.

मिस्त्री : सोडा काकू. ती पडत नाही आता.

काकू : कळतंय. हाताला भारच लागत नाहीये.

मिस्त्री : मग मोबाइल द्या इकडे, फोटो काढतो. बाजूला व्हा जरा.

काकू : पर्समध्ये आहे, घ्या. आधी एक असाच काढा, हातासकट. तो पाठवायचा नाही.