यान उडण्याआधी

दातांच्या दवाखान्यात खिळेविक्या म्हातारा शेजारी बसलेल्या लेकीकडे न बघताच बोलला. समोरच्या बाईंनी वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबवलं.

"तुझं ते चंद्रावर जाणाऱ्या तिघांचं पुस्तक..."

"थापा म्हणून तुम्ही दुकानच्या रद्दीत टाकलेलं?"

"हळू बोल गं. पुड्या बांधताना सहज एक पान वाचलं. मग गिऱ्हाईक ताटकळत ठेवून वाचतच सुटलो."

"तुम्ही? आणि पुस्तक?"

"हस, हस. यान तिथंच अडकलंय, आणि शेवटची पानं मी आधीच खिळ्यांबरोबर देऊन बसलोय. ते घरी परततात का, एवढं सांग."

"माझं तर यान उडालंही नव्हतं, बाबा. तेवढ्यात तुम्ही हातातून ओढून नेलंत."

आतून नंबर पुकारला गेला.

"उठा, नंबर आला तुमचा."

"जाऊ दे पुढच्याला. उडतं कसं, तेवढं तरी सांगतो."